गोष्टीचा सातबारा

खंडाळा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचा घाट येतो. मी लिहितेय तो खंडाळा सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका आहे. नीरा ओलांडून साताऱ्याकडे निघालं की शिरवळची एमआयडीसी लागते, मग खंबाटकीचा घाट. पूर्वेला लोणंद आणि तिथला कांद्याचा बाजार. शिरवळपासून जवळच नायगाव, सावित्रीबाई फुल्यांचं माहेर. 3 जानेवारी 1831 हा त्यांचा जन्मदिवस, आणि दर वर्षी त्या तारखेला नायगावात पाय ठेवायला जागा नसते.

अशाच एका 3 जानेवारीला मी तिथे होते. बचत गटाच्या बायका एका रंगाच्या साड्या नेसून आल्या होत्या. त्यांतली एक ताई, गटांचं काम बघणारी सीआरपी, मोबाइल आडवा धरून दुसरीचा व्हिडिओ काढत होती. बोलणारी पन्नाशीची असेल. "सावित्रीमाईंमुळे मी शिकले, गटामुळे मी उभी राहिले," एवढं तिने न अडखळता म्हटलं. हे पाठ केलेलं होतं. मग ती आपसूक दुसरंच बोलायला लागली. यंदा कांद्याला खर्चाएवढाही भाव आला नाही, गटाचा हप्ता भरायला कानातलं गहाण टाकलं. ताईने मोबाइल खाली घेतला. "मावशी, हे नको. यशोगाथा पायजे." मावशीने पदर सारखा केला आणि विचारलं, "हे जातंय कुठं?" ताई म्हणाली, ऑफिसच्या ग्रुपवर. "आणि तिथनं पुढं?" त्या पोरीकडे याचं उत्तर नव्हतं. त्यात तिचा दोष नाही. तिला तरी कुणी सांगितलं होतं?

मावशीच्या त्या दोन प्रश्नांभोवती हा सगळा आढावा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गोष्ट सांगायची साधनं गावात आली: आधी कॅमेरा, मग सामुदायिक रेडिओ, मग मोबाइल, आता आवाज ओळखणारं यंत्र. साधन हातात आलं म्हणजे ताबाही आला, असं आपण धरून चाललो. पण शेतीचं उदाहरण आपल्याकडे प्रत्येकाला कळतं. नांगर कुणाच्या हातात आहे यावरून जमीन कुणाची हे ठरत नाही, सातबाऱ्यावर नाव कुणाचं हे बघावं लागतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी कुळ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसली. गोष्टीच्या बाबतीत बहुतेक गावं अजून कुळंच आहेत. सांगणं त्यांचं, घाम त्यांचा, आणि कापायचं काय, ठेवायचं कुठे, दाखवायचं कुणाला, पुसायचं कधी, हे ठरवणारा मालक दुसराच.

हे मी आकसाने लिहीत नाही, पण अनुभवाने लिहितेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी याच पट्ट्यात एका संस्थेच्या व्हिडिओ शिबिरात मदतीला होते. दहा-बारा बायकांनी पंधरा दिवसांत कॅमेरा शिकून घेतला. पाणी, दारू, सासर, शेत, सगळ्यावर बोलल्या. एकीने आपल्या नवऱ्याला औत हाकताना टिपलं. बैलांना घातलेली त्याची साद त्यात आली होती. टेपा शहरात गेल्या, त्यांतून दहा मिनिटांची एक फिल्म निघाली आणि ती पुष्कळ ठिकाणी दाखवली गेली. बायकांना एक प्रतही मिळाली नाही. दोन वर्षांनी त्या बाईचा नवरा वारला. ती मला म्हणाली, "ताई, फिल्म राहू द्या. त्यांचा आवाज तेवढा आणून द्या." मी पत्रं लिहिली, फोन केले, खेटे घातले. ऑफिस बदललं होतं, टेपा कुठे आहेत ते कुणाला माहीत नव्हतं. शिबिराच्या पहिल्या दिवशी त्या बाईचा अंगठा ज्या कागदावर घेतला होता तो मीच तिच्यापुढे धरला होता. कागद इंग्रजीत होता. तो मी तिला वाचून दाखवला नव्हता.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. 1967 मध्ये कॅनडातल्या फोगो बेटावर एक प्रयोग झाला. बेटावरच्या कोळ्यांना उठवून दुसरीकडे वसवायचा सरकारचा विचार होता. कॉलिन लो या दिग्दर्शकाने लोकांना बोलतं केलं, छोट्या छोट्या फिल्म केल्या आणि त्या आधी बेटावरच दाखवल्या. ज्याला आपलं बोलणं काढून टाकायचं असेल त्याला ते काढता येत होतं. एका वाडीचं म्हणणं दुसऱ्या वाडीने पडद्यावर पाहिलं आणि आपलं दुखणं एकच आहे हे लोकांना कळलं. पुढे त्या फिल्म सरकारातल्या मंडळींनी पाहिल्या. बेटावरच्यांनी सहकारी संस्था काढली आणि ते तिथेच राहिले. सामुदायिक माध्यमांवर काम करणारे आजही फोगोचं नाव घेतात ते कॅमेऱ्यासाठी नव्हे, आधी आपल्या माणसांना दाखवायचं आणि काढून टाकायची मुभा द्यायची या दोन गोष्टींसाठी. 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेना ॲचली आणि जो लॅम्बर्ट यांनी 'डिजिटल स्टोरीटेलिंग'चं केंद्र सुरू केलं. आपलेच फोटो, आपलाच आवाज, दोन-तीन मिनिटांची गोष्ट आणि ती जोडायचं कामही आपणच करायचं, ही ती रीत. जोडकाम आपल्या हातात असणं ही तिच्यातली खरी मोलाची गोष्ट. आपल्याकडे ही रीत आली तेव्हा दोन-तीन मिनिटं आली, जोडकाम बहुतेक वेळा ऑफिसातच राहिलं.

सातारा-सांगलीला मात्र हा प्रश्न नवा नाही. नायगावच्या लेकीने पुण्यात शिकवलं त्या शाळांमधली मुक्ता साळवे, चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. लेखणी मुक्ताची होती, छापखाना मिशनचा होता. फुल्यांच्या सहकाऱ्यांना ही अडचण नीट कळली होती. सत्यशोधक समाज 1873 चा, आणि 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला तो याच जाणिवेतून, की आपलं म्हणणं आपल्याच पत्रात आलं पाहिजे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी जलसा होता. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलशांनी 1920 च्या आसपास काय हलवून सोडलं ते कासेगावच्या गेल ऑम्व्हेट यांनी अभ्यासून मांडलंय. पुढे वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. डफ, तुणतुणं, ढोलकी ही साधनं पथकाची, पद पथकाचं, आणि आज कुठल्या गावात काय गायचं आणि काय वगळायचं हेही पथकच ठरवायचं. ते पथक बंद पाडायला सरकारला बंदी घालावी लागली. आज एखादं खातं बंद पडायला कुठल्या तरी दूरच्या कंपनीचा एक आपोआप आलेला संदेश पुरतो.

आता रेडिओकडे येते, कारण ताब्याच्या बाबतीत आपल्या भागातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण रेडिओचं आहे.

म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, 90.4 एफएम, 2008 मध्ये सुरू झाली. माण तालुका म्हणजे दुष्काळ, मेंढरं आणि मुंबईला गेलेली माणसं. तिथे चेतना सिन्हा यांनी बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक 1997 मध्ये उभी केली होती. त्या बँकेच्या परवान्याची हकिकत आमच्या भागात अजून सांगतात. अर्जावर अंगठे आहेत, या बायकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा नकार दिला. बायका अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की आम्हाला वाचता येत नसेल, पण रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. परवाना मिळाला. ज्या बायकांनी आधी स्वतःची बँक काढली, त्यांच्याच आधाराने रेडिओ निघाला. माझ्या मते या क्रमाला फार महत्त्व आहे. ज्या गटाने एकत्र बसून पैशाचा हिशेब ठेवलाय, त्याला गोष्टीचा हिशेब ठेवणं जड जात नाही.

रेडिओचं काम जवळून बघावं. खोलीच्या भिंतींना आवाज मुरावा म्हणून अस्तर, टेबलावर मिक्सर, समोर दोन माइक. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी बाई माइकपासून लांब बसते, कारण ओवी म्हणताना अंग पुढे-मागे होतं आणि प्रत्येक झोक्याला आवाज कमी-जास्त होतो. शहरातला ध्वनिमुद्रक तिला सांगेल, हलू नका. गावातली मुलगी माइकच सरकवते, कारण तिला ठाऊक असतं की अंग थांबलं की ओवी थांबते. ताबा म्हणजे काय हे मला या एवढ्याशा हालचालीतून जास्त कळतं. आपल्या बोलीत, आपल्या चालीने बोलताना कुणी सुधारत बसत नाही, हेच त्यातलं मोठेपण.

सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची येरळावाणी आहे. तीही दुष्काळी पट्ट्यात, कर्नाटकच्या सीमेवर, जिथे घरात कन्नड आणि बाजारात मराठी असं सर्रास चालतं. अशा गावाला मुंबईच्या वाहिनीवरची मराठीही आपली वाटत नाही आणि बंगळुरूची कन्नडही नाही. तिथे आपल्या तोंडची भाषा हवेतून ऐकू येणं हीच मोठी गोष्ट आहे.

पण रेडिओचाही सातबारा तपासावा लागतो. हवेतल्या लहरी सार्वजनिक मालकीच्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट म्हटलं. तरी सामुदायिक केंद्राची परवानगी आधी फक्त शिक्षणसंस्थांना मिळत होती. 2006 च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्थांना खुली झाली. त्यानंतर 2008 मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला. अशा केंद्राची ताकद 100 वॉटची, आवाक्यात आसपासची गावं. म्हसवडचा आवाज खंडाळ्यापर्यंत पोचत नाही. निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे असा नियम आहे आणि तो चांगला आहे. पण परवाना संस्थेच्या नावावर असतो, गावाच्या नव्हे. आणि बातमीला मनाई. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावता येतं, स्वतःचं करता येत नाही. पाणीपुरवठ्याची माहिती देता येते, म्हणजे पाणी कधी येणार ते सांगायला हरकत नाही. ते का आलं नाही, टँकर कुणाच्या वस्तीवर रिकामा झाला, हे विचारलं की ती बातमी होते. समाज बदलायचा तर हाच प्रश्न विचारायला हवा, आणि नेमका तिथेच माइक बंद करावा लागतो. मला हे मान्य नाही. ज्या देशात खासगी उपग्रह वाहिन्या दिवसभर बातम्या देतात, तिथे 100 वॉटच्या केंद्राला गावच्या टँकरबद्दल विचारू न देण्याचं कुठलंही समर्थन मला पटलेलं नाही. याला एक वाट छत्तीसगडच्या सीजीनेट स्वराने 2010 मध्ये काढली: फोन करायचा, आपल्या बोलीत तक्रार नोंदवायची, ती तपासून इतरांना फोनवर ऐकू येणार. लहरींचा परवाना नको, स्मार्टफोनही नको. तिथेही ऐकवायचं काय हे तपासणारा ठरवतो, पण निदान प्रश्न विचारायला बंदी नाही.

सांगली शहराचं उदाहरण वेगळ्या प्रकारचं आहे आणि मला ते फार धीराचं वाटतं. संग्राम ही संस्था 1992 पासून तिथे काम करते, मीना शेषू तिच्या संस्थापक. त्या कामातून देहविक्रय करणाऱ्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, व्हॅम्प, उभी राहिली. या बायकांची गोष्ट सांगायला जगभरचे कॅमेरे उत्सुक असतात, आणि त्या गोष्टीचा शेवट आधीच ठरलेला असतो: पीडिता, छापा, सुटका. अमेरिकेच्या मदतनिधीला अट होती की संस्थेने वेश्याव्यवसायाच्या विरोधाची शपथ घ्यावी. 2005 मध्ये संग्रामने ती शपथ घ्यायला नकार दिला आणि पैसे सोडले. स्वतःची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची किंमत कधी कधी इतकी रोकडी असते. पुढे या बायकांनी नाटक केलं, 'सांगली टॉकीज' नावाने स्वतःचे छोटे व्हिडिओ केले. त्यांत मुलांच्या शाळेचा दाखला आहे, पोलीस आहेत, घरभाडं आहे, थट्टामस्करी आहे. बाहेरच्या कॅमेऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण तो ते शोधतच नव्हता. चेहरा दाखवायचा की नाही हा निर्णय तर या बायकांइतका कुणालाच जिव्हाळ्याचा नाही. एका शहरात दिसलेला चेहरा दुसऱ्या गावातल्या लेकीचं लग्न मोडू शकतो.

बाहेरच्या कॅमेऱ्याने भलं होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. 2016 मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. आमच्या जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचं वेळू गाव तिच्यात पहिलं आलं. सलग समतल चर कसा खणायचा, उतार कसा मोजायचा, हे गावकरी शिबिरात आणि व्हिडिओ बघून शिकले. ते व्हिडिओ उत्तम मराठीत होते आणि त्यांनी खरंच कुदळी चालवल्या. पण टीव्हीवर जी गोष्ट गेली ती श्रमदानाच्या विजयाची. ज्याच्या शेतात बांध पडला नाही, ज्याला जमीनच नाही आणि तरी ज्याने दीड महिना घाम गाळला, त्याला पाणी किती मिळालं, ही गोष्ट सांगायला कॅमेरा थांबला नाही. ती गावाने सांगायची होती, आणि तेव्हा गावाकडे तशी सोय नव्हती.

गोव्यातली व्हिडिओ व्हॉलंटिअर्स ही संस्था या दोन टोकांच्या मधली म्हणता येईल. जेसिका मेबेरी आणि 'इंडिया अनटच्ड' हा माहितीपट करणारे स्टॅलिन के. यांची ही संस्था. 2010 पासून तिच्या 'इंडिया अनहर्ड'मधून वेगवेगळ्या राज्यांतले गावकरी वार्ताहर आपल्या गावचा प्रश्न टिपतात, तो अधिकाऱ्याला दाखवतात आणि सुटला की त्याचाही व्हिडिओ करतात. मोबदला मिळतो, शिक्षण मिळतं. जुळवाजुळव मात्र गोव्यात होते. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटच्या खबर लहरियाने हे पाऊल आणखी पुढे नेलं. 2002 पासून दलित आणि इतर गरीब घरांतल्या बायकांनी स्वतःचं वृत्तपत्र चालवलं, मग ते मोबाइलवर आणलं. आणि नंतर त्यांच्यावरच एक माहितीपट निघाला, 'रायटिंग विथ फायर'. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. 2022 च्या मार्चमध्ये सोहळ्याच्या तोंडावर या बायकांनी जाहीर निवेदन काढलं की फिल्म प्रभावी आहे, पण त्यातून दिसणारं आमचं चित्र अपुरं आहे. आमचं काम एका पक्षापुरतं दाखवलंय, आम्ही सगळ्यांनाच प्रश्न विचारतो. जगभर कौतुक चाललेलं असताना हे म्हणायला किती बळ लागलं असेल! ज्यांचं स्वतःचं वृत्तपत्र होतं त्यांना ते म्हणता तरी आलं. त्या शिबिरातल्या आमच्या बायकांनी कुठे म्हणायचं होतं?

मोबाइलचं सांगायचं तर सगळ्यांत जास्त गोष्टी आज तिथेच आहेत आणि ताबा सगळ्यात कमी. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली. बंदीची कारणं देशाच्या सुरक्षेची होती, त्यावर मी बोलत नाही. पण तोवर खेड्यापाड्यांतल्या पोरांनी, मेंढक्यांनी, शेतात खुरपणाऱ्या सुनांनी तिथे जे उभं केलं होतं ते एका रात्रीत दिसेनासं झालं. ज्यांनी व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवले नव्हते त्यांचं सगळं गेलं. मूळ प्रत जपून ठेवायला हवी, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. यूट्यूबवर आमच्या जिल्ह्यातून 'गावाकडच्या गोष्टी'सारखी मालिका निघाली, गावातलीच माणसं, गावचीच बोली, आणि ती लाखो लोकांनी बघितली. याचा मला मनापासून अभिमान आहे. तरी कुठला व्हिडिओ पुढे ढकलायचा आणि कुठला मागे ठेवायचा हे यंत्र ठरवतं, आणि त्या यंत्राला भांडण, हशा आणि रडू जास्त आवडतं. ग्रामसभेतला ठराव त्याच्या कामाचा नाही. ग्रुपचंही तेच. बचत गटाच्या ग्रुपचा आणि चॅनलचा ॲडमिन बहुधा कुणाचा तरी मुलगा असतो, सिम त्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. तो नोकरीला चाकणला गेला की चॅनलही चाकणला जातं.

सगळ्यात जुनी साठवण आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी पुण्याच्या त्यांच्या संस्थेतर्फे कितीतरी वर्षं खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचं ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंद उभारायला मदत केली. 2017 पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळू लागल्या. या कामातली मला आवडणारी गोष्ट साधी आहे. ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आपल्याकडे ओवी 'लोकसाहित्य' म्हणून छापली की गाणारीचं नाव गळून पडतं आणि संकलकाचं मुखपृष्ठावर येतं. इथे तसं झालं नाही. बऱ्याच वर्षांनंतर त्याच बायकांना शोधून पुन्हा भेटायला माणसं गेली. काही बायका नव्हत्या, त्यांच्या लेकी-सुनांनी आवाज ऐकला.

आता याच आवाजांना नवं गिऱ्हाईक आलंय. यंत्राला मराठी शिकवायची तर माणसांचं बोलणं लागतं, आणि तेही नुसतं पुणेरी चालत नाही, माणदेशी लागतं, जतचं लागतं. सरकारच्या 2022 च्या 'भाषिणी' प्रकल्पात लोकांनी आपला आवाज द्यावा म्हणून केलेल्या सोयीला 'भाषादान' नाव आहे. हेतू चांगला आहे. पण दान म्हटलं की देणाऱ्याने पुढे विचारायचं नसतं, आणि इथे विचारायला हवं. न्यूझीलंडच्या काइताया गावात माओरी लोकांचं रेडिओ केंद्र आहे, ते हिकू मीडिया. त्यांनी 2018 मध्ये आपल्या लोकांना आवाहन केलं आणि दहा दिवसांत 300 तासांहून जास्त बोलणं गोळा झालं. त्यावर त्यांनी स्वतःचं यंत्र घडवलं. मोठ्या कंपन्या मागायला आल्या तेव्हा दिलं नाही. त्यांच्या परवान्याचा पाया मालकीचा नाही, 'राखणदारी'चा आहे. आपल्याकडे 'कार्या' ही संस्था आवाज देणाऱ्या गरीब माणसाला चांगली मजुरी देते, आणि तोच साठा पुन्हा विकला गेला तर त्याचाही वाटा देते. म्हणजे हे अशक्य नाही. म्हसवड, जालिहाळसारख्या केंद्रांकडे वर्षानुवर्षांचं बोलणं साठलेलं आहे. सोनं आहे ते. उद्या कुणी कंपनी करार घेऊन आली तर सही कुणी करायची हे आजच ठरलेलं बरं.

कायदा इथे पुरेसा मदतीला येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता. जिच्यावर फिल्म आहे तिचा त्यात हक्क नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मात्र 1994 च्या दुरुस्तीपासून कलावंताचा हक्क आहे आणि तो 50 वर्षं टिकतो. ओवी म्हणणाऱ्या बाईला हे सांगितलेलं मी अजून ऐकलं नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची सूचना मराठीत मागायचा हक्क दिला, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असंही म्हटलं. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. माझ्या हातातला तो इंग्रजी कागद आठवला की वाटतं, एवढं जरी तेव्हा असतं.

पण कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही, कारण बचत गटाकडे याची रीत आधीपासून आहे. गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर बैठक होते, ठराव इतिवृत्तात लिहिला जातो, बँकेत अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात. एकटी अध्यक्ष कितीही भली असली तरी तिला पैसे काढता येत नाहीत. गोष्टीलाही हेच लावावं, असं मी गेल्या वर्षी खंडाळ्याच्या बाजूच्या एका गटात बोलून बघितलं. यशोगाथा मागायला आलेल्या बाहेरच्या माणसांना व्हिडिओ द्यायचा की नाही, हा त्या दिवशी विषय होता.

बायका सव्वा तास बोलल्या. मूळ व्हिडिओ गटाकडे राहील, प्रत बाहेर जाईल, असं पहिल्यांदा ठरलं. मेमरी कार्ड कुठे ठेवायचं यावर वाद झाला. शेवटी पासबुकासोबत, पत्र्याच्या त्याच पेटीत. मग एक तरुण सून म्हणाली, सासऱ्यांपुढे दाखवता येणार नाही असं काही असेल तर? त्यावर पुष्कळ वेळ कुणी बोललं नाही. मग लिहिलं गेलं: जिचं बोलणं आहे ती नको म्हणाली तर व्हिडिओ जाणार नाही, कारण विचारायचं नाही. चॅनलचा पासवर्ड दोघींकडे, पोराकडे नाही. कापलेला व्हिडिओ आधी बैठकीत बघायचा, कांद्याचं बोलणं कापलं असेल तर का कापलं ते विचारायचं.

इतिवृत्ताची वही फिरली. सचिवाने ठराव मोठ्याने वाचला, मग सह्या झाल्या. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी वही मांडीवर घेतली, शाई लावून घेतली आणि अंगठा टेकवण्याआधी हात थांबवून म्हणाल्या, "अजून एकदा वाच गं, सावकाश." सचिवाने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.